शेवटच्या बांधीपासून

१८ मे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायचं काम आज करायचंच आहे. दुपारपासून नागझिऱ्याच्या बाजूचं आभाळ काळं होत चाललंय आणि मोबाईलवर वादळाचा इशारा येऊन गेलाय. बॅटरीची टोपणं उघडून ठेवली, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन जवळ ओढला, आणि फडक्यानं फळी पुसता पुसता हात राउटरवर पडला. गरम होता. लगेच कानात आवाज आला, "वाहून राहिलं का, सूनबाई?"

मामाजी असंच विचारायचे. चपला पायरीखाली काढायच्या, आत यायचं, कुणाला न विचारता फळीवरच्या राउटरवर तळहात टेकवायचा आणि म्हणायचं, "वाहून राहिलं का?" पाटात पाणी किती आलंय ते लोक पाय घालून बघतात, तसं ते इंटरनेट हात ठेवून बघत. खोकं गरम लागलं की मान हलवायचे. "हाय. जोर हाय." मे महिन्यात आमच्याकडे बंद खोकंही गरमच लागतं, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं. फरक पडला नाही.

ते आमच्या गावचे पाणकर होते. तुमच्याकडे हा प्रकार नसेल, म्हणून सांगते. सडक अर्जुनीहून महामार्ग सोडून आत आलं की आमच्याकडची गावं तलावांच्या पोटाशी बसलेली दिसतात. आमच्या तलावाची पाळ त्यांच्या पूर्वजांनी टाकली, असं ते सांगत, आणि अशा आवाजात सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, काल संध्याकाळी टाकून आत्ताच हात धुतलेत. तलावातून शेतांकडे पाणी सोडायचं जे तोंड, त्याला तुडूम म्हणतात. तुडूम कधी उघडायचं, कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या तुकड्यात, पाणी आधी जायचं, आणि त्यावरून कुणी कुणाचं डोकं फोडायचं नाही, हे बघणारा माणूस म्हणजे पाणकर.

नियम एकच. पाणी कमी असलं की शेवटच्या बांधीपासून सुरुवात. तलावापासून सगळ्यात लांब जी बांधी, तिला पहिलं पाणी. मग एकेक बांधी जवळ येत यायचं. आणि पाणकराची स्वतःची बांधी तुडुमाला चिकटलेली असली तरी तिची बारी सगळ्यांच्या मागून.

"काऊन की," ते समजवायचे, "जवळच्यानं आधी घेतलं तं लांबच्यापर्यंत पोचत नाही. लांबच्यानं आधी घेतलं तं जवळच्याले उरतेच."

दरवेळी उरतंच असं नाही. पण हेही त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

मी मुर्रीची. गोंदिया शहराला लागून माहेर, त्यामुळे माझं निम्मं बोलणं हिंदीत. लग्न होऊन इथे आले तेव्हा ते मला म्हणाले होते, "सूनबाई, तू टीव्हीवानी बोलतेस. आवाज कमी कर." घराच्या पुढच्या खोलीत मी सेवा केंद्र चालवते. सातबारा, दाखले, पीकविमा, परीक्षांचे फॉर्म. त्यांचं घर रस्त्यापलीकडे, बरोबर समोर. नात्यानं ते माझे कुणी नव्हते, पण सासऱ्यांच्या वयाचे, म्हणून मी त्यांना मामाजी म्हणायची आणि त्यांच्या बायकोला मामी. माझ्या दारात बाक टाकलेला आहे. त्या बाकावर ते कधी पूर्ण बसलेले मी पाहिले नाहीत. टेकायचे, उठायचे, रस्त्यापर्यंत जायचे, खांद्यावरचा दुपट्टा झटकायचे, परत यायचे. मामी त्यांच्या ओसरीतून ओरडायच्या, "अवो, एका जागी बसा! बुडाले मुंग्या लागल्या का?"

"तुडूम उघडं हाय," एवढंच उत्तर. तुडूम बंद असलं तरी हेच उत्तर.

एकदा दहावीचा निकाल लागायचा होता तेव्हाचा किस्सा सांगते, म्हणजे माणूस ध्यानात येईल. निकालाच्या दिवशी वेबसाईट उघडत नाही हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. माझ्या खोलीत गावातली सगळी पोरंपोरी घुसलेली, प्रत्येकाचं बोट मोबाईलवर. ते आत आले, राउटरवर हात ठेवला आणि म्हणाले, "सगळ्यानं एकदम तोंड लावलं तं आटतेच. मोबाईल खिशात घाला. एकेक जण." पोरांनी ऐकलं. मग त्यांनी रांग लावायला घेतली. मला वाटलं टोलीवरची, म्हणजे नाल्यापलीकडच्या सगळ्यात लांबच्या वस्तीवरची, आधी घेतील. पण त्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "सगळ्यात खराब पेपर कोणाचा गेला?"

मग भिंतीशी उभ्या असलेल्या एका मुलीनं हात वर केला.

"ये. तुई बारी पयली."

ती पास झाली होती. पुढच्या खुर्च्यांत बसलेली हुशार मुलं शेवटपर्यंत चुळबुळत राहिली. मला तेव्हा मामाजींचा रागच आला होता, कारण त्यातल्या एकाचे वडील मला पुन्हा पुन्हा फोन करत होते. पण नियम तोच होता, तुमच्या लक्षात आलं असेल. शेवटची बांधी.

बॅटरीत पाणी घालून झालं. टोपणं लावली. बाहेर जाऊन आले. वारा पडलाय, पानही हलत नाही. हे बरं लक्षण नाही.

मला सांगायचंय ते काही वर्षांपूर्वीच्या एका वैशाखातल्या वादळाचं. मामींच्या पोटात गाठ निघाली होती. नागपूरच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. त्यांची मुलगी वनिता नागपूरलाच राहते, ती येऊन आईला घेऊन गेली. मामाजी मागे राहिले, कारण उन्हाळी धान उभं होतं आणि तलावात पाणी थोडं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळच्या एसटीनं जायचं ठरलं होतं. पिशवी भरून खुंटीला लावलेली मी स्वतः पाहिली होती.

आदल्या संध्याकाळी वादळ आलं. अर्ध्या तासाचं काम, पण महामार्गाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोहाची झाडं आडवी झाली, विजेचे खांब वाकले, निम्म्या घरांवरचे टिन उडाले. सकाळी एसटी नाही, वीज नाही, आणि सगळ्यांचे मोबाईल मुके. टॉवरची बॅटरी उतरली असणार. लोक पाळीवर चढून हात उंच करून उभे होते, तिथेही काही नाही.

माझी लाईन मात्र जमिनीखालून येते, ग्रामपंचायतीच्या केबलमधून. ती जिवंत होती, आणि तिच्यावरून व्हॉट्सॲपचे फोन लागत होते. पंखा, दिवा, कॉम्प्युटर सगळं बंद करून एकटा राउटर ठेवला तर बॅटरी दिवसभर पुरेल, असा माझा हिशोब. ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. थोड्या वेळात दारात एवढी गर्दी झाली की बाकाचा पाय मोडतो की काय वाटलं. प्रत्येकाला पहिलं बोलायचं होतं. बाजूचा किराणावाला तर आतच शिरला. त्याला मेहुण्याला व्हिडिओ कॉल करून पडलेली भिंत दाखवायची होती.

तेवढ्यात मामाजी आले. चपला पायरीखाली, हात राउटरवर. "वाहून राहिलं का?"

"वाहतंय मामाजी, पण बॅटरी तेवढीच आहे."

"म्हणजे पाणी कमी हाय."

"हो, तसंच समजा."

मी असं बोलायला नको होतं. ते वळले आणि दारात उभे राहून म्हणाले, "लाईन पलटवा."

"म्हणजे?" किराणावाला.

"ज्याचं घर लांब तो आधी. तुहं दुकान चिकटून हाय, तू मांगं जा."

"अरे काका, मी सकाळपासून इथं उभा आहे!"

"तुडुमापाशी उभं राह्यल्यानं बारी येते का? आन् काय करतेस? व्हिडिओ?" त्यांनी मान हलवली. "व्हिडिओ म्हणजे उन्हाळी धान. लय पाणी पिते. नुसतं बोलणं म्हणजे लाखोरी, थोड्या ओलीवर येते. आज लाखोरीच होईल. बोला, ठेवा, उठा."

गर्दी हसली. किराणावाला चिडला, पण मागे गेला. गंमत अशी की याला मी काही बोलू शकत नव्हते. व्हिडिओला जास्त लागतं हे खरंच आहे.

पण मग त्यांनी भलतंच सुरू केलं. एकाचं बोलणं झालं की ते भिंतीवरचं राउटरचं बटण बंद करायचे. पुढचा माणूस तयार होऊन बसला की चालू.

"मामाजी, हे काय करता?"

"भरू दे."

"काय भरू दे?"

"तारेत. मांगून येऊन जमा होते ना. तलाव रातभर भरते तवा दिवसा वाहते."

"यात काही जमा होत नाही!"

"तू कॉम्प्युटर पाह्य. वाटप माह्यावर सोड."

प्रत्येक वेळी राउटर चालू व्हायला वेळ लागायचा. सगळे गळे ताणून त्याच्या दिव्यांकडे बघत बसायचे. लाल, लाल, मग एकदाचा हिरवा. हिरवा झाला की ते माझ्याकडे असं बघायचे, जणू भरल्यामुळेच हिरवा झाला.

एव्हाना माझं निम्मं लक्ष घड्याळाकडे होतं. ऑपरेशन दुपारी होतं, हे मला माहीत होतं, गर्दीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी त्यांना बाजूला घेतलं.

"मामाजी, वनिताला लावते. आधी तुम्ही बोला."

"माही बारी शेवटी."

"ही बांधी नाही. बायको आहे."

"मी का डॉक्टर हाओ?" ते म्हणाले. "माह्या बोलण्यानं का होते तथी? कापणारा कापते, शिवणारा शिवते. अथी लोकायचे पोट्टे बाहेर हायेत, त्यायले सांगाचं हाय."

"मग नंबर तरी द्या, मी मेसेज टाकते."

नंबर त्यांच्या बटणाच्या फोनमध्ये होता, फोन बंडीच्या खिशात. त्यांनी खिशावर हात ठेवला आणि म्हणाले, "शेवटी देतो." पण हे म्हणताना त्यांनी दुपट्टा खांद्यावरून काढला, डोक्याला बांधला, सोडला, परत खांद्यावर टाकला. महामार्गाकडून सायकलवर कुणीही आलं की मामाजी रस्त्यावर. "झाडं तोडून राहिले का गा? एसटी सुरू झाली का?" नाही म्हटलं की परत दारात, हात राउटरवर.

जेवणाच्या वेळी मी भात टाकायला आत गेले. घरात सकाळपासून चूल पेटली नव्हती आणि दुसरं कोणी पेटवणार नव्हतं. मी आत असताना त्यांनी सगळ्यांना घरी पाठवलं. "जेवून या. टोलीवरचे लोक नाल्याचं पाणी उतरलं की येतील, ते आले की ते आधी. तोवर भरू दे." आणि बटण बंद केलं. दुपारी तुडूम बंद ठेवायची त्यांची जुनी रीतच होती.

मला हे ठाऊक नव्हतं. जेवून बाहेर आले तर टोलीवरच्या बायका चिखलाच्या पायांनी बाकावर बसलेल्या, सगळ्यांत पुढे सगुणाबाई. मामाजी रस्त्यावर उभे. फळीवर पाहिलं, राउटर मेलेला. मी काहीतरी पुटपुटले, ते इथे लिहीत नाही. बटण दाबलं. लाल, लाल, हिरवा. आणि हिरवा झाल्या झाल्या माझा फोन फळीवर थरथरायला लागला. थांबेचना. सरकत सरकत कडेला आला, तेव्हा मी तो उचलला.

सगळे मेसेज अनोळखी नंबरवरून. वनिता होती. मामींच्या ऑपरेशनसाठीच्या सरकारी योजनेच्या कागदांवर माझ्या केंद्राचा शिक्का आहे आणि शिक्क्यात माझा नंबर. तिनं तिथून शोधला होता. वहिनी, बाबा कुठे आहेत? वहिनी, फोन उचला. बातम्यांत आपल्या भागातली उडालेली घरं दाखवतायत. आईनं ते पाहिलं. ती टेबलावर जायला नाही म्हणते. घर उभं आहे का आणि बाबा धड आहेत का हे कळल्याशिवाय मला झोपवू नका, असं तिनं डॉक्टरांना सांगितलंय. वहिनी, डॉक्टर चिडलेत. आता नाही तर पंधरा दिवसांनी, म्हणतात. वहिनी, गाठ वाढतेय.

मी बाहेर जाऊन हे सगळं त्यांना वाचून दाखवलं. तिथेच, रस्त्यावर, सगळ्यांसमोर. हळू आवाजात सांगायची ती वेळ नव्हती.

ते आत आले. राउटरवर हात ठेवला, मग जणू चटका बसावा तसा काढून घेतला.

"हे तिकून बी येते?"

"मग? फोनवर समोरच्याचं ऐकू कसं येतं?"

"पाणी एकाच अंगानं जाते, सूनबाई," ते म्हणाले. "मी समजलो आपलं इकून जाते. मी बंद केलं का... ते तथी बोलून राहिली, आन् मी बंद केलं."

"आता बोला. मी लावते."

आणि मग, तुम्हाला खरं वाटणार नाही, त्या माणसानं बाकाकडे पाहिलं. "बारी सगुणाची हाय."

मी कपाळावर हात मारला. सगुणाबाई मात्र उठली. तिची बांधी शेवटची, म्हणून पाणी तिला पहिलं. पण त्या वर्षी चैतात तिनं पाणी आत घ्यायला बांधीचा धुरा, म्हणजे बांध, वेळेवर कापला नाही म्हणून मामाजींनी तिची बारी मागे ढकलली होती. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. ती त्यांच्यासमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"का गा पाणकर, माही बारी हाय ना?"

"हाय."

"चैतात मले कायदा दाखवला. आता कायदा मी दाखवतो. ज्याची बारी, तो कोणाले बी देऊ शकते. हाय का नाही?"

"हाय," ते म्हणाले.

"मंग धरा. माहा पोट्टा तेलंगणात दोन टाईम जेवून राहिला, त्याले का झालं नाही. मामी तथी टेबलापाशी अडून बसली हाय. बोला, नाही तं मी फोन हिसकून मीच सांगतो का बुढा मेला म्हणून."

त्यांनी फोन घेतला. उलटा धरला. मी सरळ करून दिला. स्पीकर मीच लावला. त्यामुळे सगळ्या बायकांनी ऐकलं.

"कोण?" मामींचा आवाज. अगदी रोजचा, ओसरीतून येतो तसा.

"मीच."

"घर हाय का?"

"हाय."

"टिना?"

"हायेत. गोठ्यावरची एक गेली."

"कोणती?"

"मांगची."

"मी दिवाळीपासून सांगून राहिली, खिळे ठोका म्हणून. ठोकले?"

"ठोकतो."

"जेवले का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं. "जेवलो," ते म्हणाले. "तू जा ना आता. अथी लोक बसले हायेत."

"जातो. बोंबलू नका," मामी म्हणाल्या.

तेवढंच. त्यांनी फोन बंद न करताच सगुणाबाईच्या हातात दिला. "धर. तुई बारी." आणि बाहेर गेले. मी त्यांच्यामागे भाताचं ताट घेऊन गेले, तर ते स्वतःच्या गोठ्यापाशी उडालेल्या टिनाच्या जागेखाली उभे राहून वर बघत होते. ताट ठेवून मी परत आले. मला कामं होती.

त्यानंतर दिवसभर त्यांनी बटणाला हात लावला नाही. संध्याकाळ व्हायच्या आत वनिताचा फोन आला, ऑपरेशन नीट झालं, गाठ काढली. ते ऐकून त्यांनी माझ्याकडे वायरमनची काळी चिकटपट्टी मागितली, बटण चालू बाजूला दाबलं आणि त्यावर पट्टी आडवी-उभी चिकटवली. अंगठ्यानं घासून घासून.

"आता कोणी बंद करू नोका," त्यांनी दारातल्या सगळ्यांना सांगितलं. स्वतःशिवाय कुणीच बंद केलं नव्हतं, हे कुणी काढलं नाही. मग म्हणाले, "आन् आयका. इकून जाचं असन तं बारी. तिकून आलं तं बारी नाही. तिकून आलेलं आधी."

नियमात दुरुस्ती झाली. कुणी हरकत घेतली नाही. किराणावाल्यानंसुद्धा नाही.

मामी परत आल्या, त्यांनी गोठ्याचे टिन बघितले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून समोरून हातोडीचा आवाज यायला लागला. मामाजींनी गोठ्याचेच नाही, घराचेही सगळे टिन नव्या खिळ्यांनी ठोकून काढले. मी रस्त्यावरून ओरडले, "मामाजी, आवाज कमी करा!" ते वरून ओरडले, "मी का टीव्ही हाओ?"

पुढच्या वादळांत आमची पद्धत ठरूनच गेली. वीज गेली, टॉवर गेला की लोक आपोआप उलटे बसायचे, टोली पुढे आणि आम्ही रस्त्यावरचे मागे. मी राउटरला वेगळी छोटी बॅटरीही जोडून घेतली. ते आले की हात ठेवून तेच विचारायचे. एवढं सगळं होऊनही नेट तारेत भरतं की नाही यावर त्यांचं मत बदललं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "भरते. पण थांबवाचं नाही."

गेल्या हिवाळ्यात ते गेले. तापाचं निमित्त झालं. वनिता आईला न्यायला आली होती, पण मामी गेल्या नाहीत. समोर एकट्याच असतात. तलावाला नवा पाणकर अजून ठरलेला नाही. बैठक होते, चहा होतो, उठतात.

वारा सुटला. मामींना दार लावून घ्या म्हणून सांगून आले. त्या म्हणाल्या, "तू तुहं पाह्य." लाईट गेली. लिहिणं थांबवते.

१९ मे, सकाळ. रात्री बरंच झालं. शाळेसमोरचं कडुलिंबाचं झाड पडलं, टॉवर गेला, वीज दोन दिवस तरी येणार नाही असं लाईनमन सांगून गेला. माझी लाईन चालू आहे. दार उघडलं तेव्हा बाकावर टोलीची माणसं बसलेली होती, सगुणाबाई पुढे. कुणी सांगितलं नव्हतं. किराणावाला मागे उभा होता, मला बघून म्हणाला, "मी शेवटी, मॅडम." पण शेवटी तो नव्हता. त्याच्याही मागे, पायरीच्या टोकाला, मामी बसल्या होत्या.

"मामी, आत या. वनिताला लावून देते."

"आमच्या घरची बारी शेवटी असते," त्या म्हणाल्या. जागच्या हलल्या नाहीत.

मी वाद घालायला तोंड उघडलं आणि फळीवर फोन वाजला. वनिता. मी तो उचलून पायरीवर गेले आणि मामींच्या हातात दिला.

"बारी..." त्या म्हणाल्या.

"तिकडून आलाय. याला बारी नसते. बोला."

"आई, घर आहे का?" वनिताचा आवाज पायरीवर सगळ्यांना ऐकू गेला.

मामींनी रस्त्यापलीकडे पाहिलं. नीट पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हाय," त्या म्हणाल्या. "एक टिन हालली नाही. खिळे ठोकून गेला ना तुहा बाप."

मी आत आले. बटणावरची पट्टी उकाड्यानं सुटायला आली होती. ती काढून नवी लावली आणि सगुणाबाईला हाक मारली.